पडण्याचा वस्ताद

माझी पाठ कधी कुणी लावली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, तीसुद्धा मास्तरांच्या मेहरबानीने. बाकी जे काय शिकलो ते तालमीत. तरुणपणी वारणाकाठच्या जत्रांमध्ये कुस्त्या धरल्या. काही मारल्या, काही अंधार पडला म्हणून बरोबरीत सोडवल्या, पण मला चीत करून कुणी फेटा बांधून घेतला नाही. पुढे साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालो आणि संध्याकाळी पोरांना डाव शिकवायला लागलो. सगळा गाव मला वस्ताद म्हणायचा.

आता न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला मुलाकडे असतो. इथे मी वस्ताद नाही, काका आहे. इथे सगळेच काका आहेत.

गेल्या हिवाळ्यात कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायला गेलो आणि ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून पाय सटकला. एक गुडघा टेकला, एक हात टेकला. पाठ टेकली नाही. उठलो, कपडे झटकले आणि डबा जागेवर ठेवूनच आत आलो. पण सूनबाईने खिडकीतून पाहिलं होतं. तिने मुलाला सांगितलं, मुलाने डे केअरला कळवलं.

डे केअर म्हणजे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांची शाळाच. सकाळी व्हॅन घ्यायला येते. तिथे उपमा मिळतो, खुर्चीत बसून हात वर-खाली करायचा व्यायाम असतो, मग बिंगो, मग जेवण, आणि दुपारी व्हॅन घरी सोडते. दुकानांच्या एका लांब रांगेत आमचं ते सेंटर आहे. डाव्या हाताला इंडियन ग्रोसरी, उजव्या हाताला एक डायनर, म्हणजे इथलं साधं खानावळीसारखं हॉटेल. माणसं बहुतेक गुजराती, थोडी आपली, थोडी इतर.

तिथला एक नियम असा की जो पडला त्याच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधायचा. पट्टा असला की खुर्चीतून एकट्याने उठायचं नाही. बाथरूमला जायचं तरी कुणीतरी दंड धरणार. दुसऱ्या दिवशी नर्स पट्टा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ही नर्स नागपूरची. रोज सकाळी मला जय भीम म्हणते, मीही म्हणतो. तिथे मला मराठीत रागावणारी ती एकटीच, म्हणून माझं तिच्याशी जमतं.

"काका, हात द्या."

"कशाला?"

"घरी पडलात ना तुम्ही. फॉल रिस्क. पॉलिसी आहे."

"पडलो नाही. गुडघा टेकला."

"गुडघा टेकला म्हणजे पडलातच की."

"पोरी, दोन्ही खांदे जमिनीला लागले तर माणूस पडला. तोवर कुस्ती चालू आहे."

"हे काय कुस्तीचं मैदान आहे का?" ती म्हणाली. "ते बघा तिकडे, ते ग्रीक आजोबा. त्यांच्या देशात सुपरस्टार होते ते, कॉमेडीचे. त्यांनी घातलाय की पट्टा. तुम्हीच असे कोण मोठे लागून गेलात?"

मी काही हात दिला नाही. पण त्या ग्रीक म्हाताऱ्याकडे बघितलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच बसला होता. बारीक अंगाचा, मोठं नाक, भुवया पांढऱ्या आणि दाट. चेहरा असा की घरात कुणी आजारी असावं. मला वाटलं, हा माणूस कुणाला काय हसवणार. बिंगोला तो जात नसे, मलाही त्या आकड्यांचा कंटाळा, म्हणून दोघं एकाच टेबलावर राहिलो. भाषा एकमेकांची येत नाही. इंग्रजी त्याची मोडकी, माझी त्याहून मोडकी. बराच वेळ तो माझ्या कानांकडे बघत होता. माझे कान तालमीत मोडलेत, आत कूर्चा गोळा झालाय, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे दिसतात. त्याने स्वतःचा कान धरून चुरगाळला आणि दोन्ही हात पुढे करून पकड घेतल्यासारखं केलं. मी मान हलवली. तो उठला, म्हणजे उठायला लागला, तशी एक बाई धावत आली आणि त्याला खाली बसवलं. मग त्याने बसल्या बसल्याच मला सलामी दिली. अमेरिकेत आल्यापासून माझे कान बघून मी कोण हे ओळखणारा तो पहिला माणूस.

शेजारचा डायनर त्याच्या मुलीचा. दुपारची गर्दी ओसरली की ती ॲप्रनवरच बापासाठी कॉफी घेऊन यायची. ती इंग्रजीत सांगायची, नर्स जेवणाच्या सुट्टीत आमच्याजवळ बसून मला मराठीत सांगायची. म्हाताऱ्याच्या तोंडून निघालेली गोष्ट अशी दोन ठिकाणी गाडी बदलून माझ्यापर्यंत यायची. तो हसून मोकळा झालेला असायचा आणि मी मागून एकटाच हसायचो. त्याला त्याचीच जास्त मजा वाटे.

तर त्याची हकीकत अशी. एका बेटावर पावाच्या भट्टीवाल्याच्या घरी जन्मला. पावाची परात डोक्यावर घेऊन बंदराच्या पायऱ्या उतरायचा. एकदा पाय घसरला आणि परातीसकट तो शेवटच्या पायरीपर्यंत गेला. धक्क्यावरचे कोळी, हमाल, सगळे पोट धरून हसले. बापाने मारलं. पण गावात त्या दिवशी एक फिरती नाटकमंडळी उतरली होती. त्यांच्या मॅनेजरने येऊन विचारलं, "पोरा, हे परत असंच करता येईल का?" तो म्हणाला, "पाव नवे द्या, करून दाखवतो." आणि तो त्यांच्याबरोबर गेला.

वर्षानुवर्षं गावोगाव हिंडला. आमच्याकडे तमाशाचे फड हिंडतात तसंच, ट्रंका, कंदील आणि एका खोलीत झोपणारी सगळी माणसं. मग अथेन्सला मोठ्या थिएटरात गेला. मग सिनेमा. काळा-पांढरा जमाना. त्यांच्याकडे उन्हाळ्यात उघड्यावर सिनेमा दाखवतात, लोक भाजलेल्या बिया खात बसतात. याच्या सिनेमाला बिया तशाच राहायच्या, कारण हसताना खाता येत नाही. कधी हमाल झाला, कधी नवरदेव, कधी बायकोला घाबरणारा कारकून. पण प्रत्येक सिनेमात तो पडायचा. शिडीवरून, होडीतून, गाढवावरून, लग्नाच्या मांडवातून. लोक तिकीट काढताना विचारायचे, या वेळी कुठून पडतो?

मध्ये तिकडे लष्कराचं राज्य आलं. नाटकातलं अक्षरन् अक्षर साहेब तपासायचे, विनोद खोडून टाकायचे. हा मात्र पडतच राहिला. पडणं कागदावर लिहिलेलं नसतं, खोडणार काय? पडायच्या आधी तो छाती काढून, हनुवटी वर करून चालायचा. एका बड्या अधिकाऱ्याची ती चाल. सगळं थिएटर ओळखायचं. पहिल्या रांगेत बसलेले शिपाईसुद्धा तोंड रुमालात घालायचे.

हे ऐकलं तेव्हा मी त्याला पहिल्यांदा मानलं. तोवर नाही. तोवर माझ्या मनात एकच, की जो माणूस मुद्दाम पडतो तो कसला माणूस. मुलीने फोनवर त्याचे सिनेमे दाखवले. नवरदेवाच्या कोटात धक्क्यावर सासऱ्याला वाकून नमस्कार करत मागे मागे जातो आणि पाण्यात. मुलगी हसली, नर्स हसली. मी हसलो नाही.

"काका, तुम्हाला हसू येत नाही का?"

"आमच्याकडे पडलेल्याला हसत नाहीत. पडलेला घरी जाऊन कोपऱ्यात तोंड लपवतो."

नर्सने हे त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग कॉफीचा कप उचलला आणि खुर्चीत जरासा, अगदी बोटभर, डावीकडे कलला. तेवढ्याने सेंटरमध्ये धावपळ उडाली. एक बाई ट्रे टाकून आली, ड्रायव्हर दारातून आला, बिंगोचे आकडे सांगणारा माइक सोडून पळाला. हा सरळ बसला, कॉफी प्यायला आणि सगळ्यांकडे असं बघितलं की तुम्हाला काय झालं? मला हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. नर्स आम्हा दोघांनाही बोल बोल बोलली.

त्यानंतर आमचा रोजचा तास सुरू झाला. तो मला पडणं शिकवायचा, टेबलावर मिठाची बाटली घेऊन. मी त्याला डाव सांगायचो. वस्ताद म्हणून सांगतो, त्याच्याकडे विद्या होती. पडणं पायापासून होत नाही, डोळ्यांपासून होतं. आधी डोळ्यांना कळतं, मग मानेला, पाठीला सगळ्यात शेवटी. आणि मुख्य म्हणजे आधी माणूस ताठ पाहिजे. वाकलेला पडला तर लोक हळहळतात, ताठ पडला तर हसतात. हे सांगून तो माझ्याकडे बोट दाखवून मुलीला काहीतरी म्हणाला. ती हसायला लागली.

"काय म्हणाला?"

नर्स म्हणाली, "म्हणतात, या माणसाची चाल मी जन्मभर शोधली. हा पडला तर आख्खं अथेन्स हसेल."

"त्याला सांग, अथेन्सने वाट बघावी."

मार्चमध्ये सेंटरचा वार्षिक कार्यक्रम ठरला. घरची माणसं येणार, गरबा होणार, कुणी भजन म्हणणार. ग्रीक म्हातारा नर्सला म्हणाला, मला स्टेजवर एकदा पडायचं आहे. ती नाही म्हणाली. तो रोज म्हणू लागला. शेवटी एक दिवस मुलगी कॉफी ठेवून गेल्यावर त्याने आम्हाला कारण सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, थांबत थांबत.

मुलगी उशिरा झालेली. ती लहान असताना आई तिला थिएटरात येऊ देत नसे. ती मोठी होईपर्यंत टीव्ही आला, थिएटर बंद पडलं. तिने बापाला पडद्यावर बघितलंय, स्टेजवर एकदाही नाही. आणि गेल्या वर्षी तो बाथरूममध्ये पडला. कंबरेचं हाड गेलं. सकाळी दार उघडून तिनेच त्याला बघितलं. तेव्हापासून ती त्याच्या पायांकडेच बघते. चेहऱ्याकडे बघतच नाही. "मी आयुष्यभर पडलो," तो म्हणाला. "तिच्या डोळ्यासमोर तेवढं एकच पडणं आहे."

नर्सने कॉफीचा कप बाजूला सारला. मग मला म्हणाली, "काका, तुम्ही त्यांना हातावर तोलून खाली ठेवू शकाल? अगदी हळू?"

मी म्हणालो, "मी पोरांना डाव शिकवताना शेकडो वेळा खाली ठेवलंय. अंड्यासारखं ठेवीन."

मग ठरलं. व्यायामाच्या निळ्या गाद्या एकावर एक टाकायच्या, कडेला त्याला लागली तर एक खुर्ची ठेवायची. आमची कुस्ती. मी नुसतं खांबासारखं उभं राहायचं. तो मला पाडायला बघणार, ढकलणार, धडका देणार, आणि शेवटी स्वतःच्याच जोराने मागे जाणार. माझा हात त्याच्या कंबरेमागे असणार, लोकांना दिसणार नाही असा. मला हे पसंत पडलं, कारण त्यात मी उभाच होतो. नर्सने मॅनेजरची परवानगी काढली. मुलीला मात्र काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने बापाला त्या दिवशी घरातच ठेवलं असतं.

कार्यक्रमाला हॉल भरला. समोसे होते, लहान पोरं पळत होती. माझा मुलगा आणि सूनबाई दुसऱ्या रांगेत. ग्रीकाची मुलगी डायनर सोडून फक्त दहा मिनिटांसाठी आलेली, ॲप्रन घालूनच दाराशी उभी. आमचं नाव पुकारलं. मी गादीवर जाऊन उभा राहिलो आणि शड्डू ठोकला. किती वर्षांनी ठोकला. मागे कुणी गुजराती काका म्हणाले, "अरे वाह."

मग तो आला. सकाळपर्यंत जो धरून धरून चालायचा, तो माणूस मला दिसला नाही. पँटचा पट्टा कमरेवर ओढला, हातांवर फुंकर मारली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि मान वर करून माझी उंची मोजली. मग उलट्या बाजूला चालायला लागला, घरी निघाल्यासारखा. लोक हसले. एक शब्द नाही, आणि हसले. हॉलमधल्या कुणालाही त्याचं नाव माहीत नव्हतं, तरी हसले. माझ्या दंडाला लोंबकळला, मी हललो नाही. डोकं माझ्या पोटात खुपसून रेटलं, मी जांभई दिली. ही जांभई मी मनाने घातली होती, ठरलेली नव्हती. त्याने खालून डोळा मारला.

मी दाराकडे बघितलं. मुलगी हसत नव्हती. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

शेवटची धडक द्यायला तो दोन पावलं मागे गेला, पुढे आला, माझ्या छातीवर हात टेकला, आणि थांबला. त्याचा गुडघा आखडला होता. लोकांना वाटलं, हाही खेळच आहे. पण माझ्या छातीवर त्याचा हात होता. समोरच्याच्या हातातून जोर गेला की पैलवानाला ते कातडीला कळतं. तो हात नुसता ठेवलेला होता, भिंतीला टेकावा तसा. कपाळावर घाम. त्याने डोळे वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्यात विनोद काही नव्हता. मागे जाणं त्याला जमणार नव्हतं, सरळ उभं राहणंही जमणार नव्हतं. हसू थांबत चाललं होतं. दाराशी मुलीने एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं.

ती स्टेजपर्यंत आली असती तर त्याला दंडाला धरून खाली नेलं असतं. आणि तिच्यासाठी ते पुन्हा बाथरूमच झालं असतं.

मी हळू त्याचा डावा हात धरून कडेच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आधाराला. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट तेवढं माझ्या छातीवर राहिलं. मग मी छाती काढली, हनुवटी वर केली. आधी डोळे. मग मान. मी त्या बोटाकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, माझ्या मुलाकडे बघितलं. आणि पाठ सोडून दिली.

दोन्ही खांदे लागले. गादी रेक्झिनची, म्हणून आवाज मोठा झाला.

हॉलमधल्या सगळ्या माना वर झाल्या. आणि मग जे हसू आलं, ते मी जत्रेतसुद्धा ऐकलं नव्हतं. मी छताकडे बघत पडून होतो. तिथे पंखा होता, एक फुगा अडकला होता. मला वाटलं होतं लाज वाटेल. मी वाट बघितली, पण लाज काही आली नाही. नुसतं पोट हलत होतं, कारण मीही हसत होतो.

तो म्हातारा खरा कलावंत. एका क्षणात त्याने सगळं ओळखलं. खुर्चीला धरून, गुडघा तसाच, त्याने आपलं बोट डोळ्यांपुढे धरलं. उलटं-सुलटं करून बघितलं. त्यावर फुंकर मारली आणि जपून कोटाच्या खिशात ठेवलं. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. जन्मभर पडत आलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी पाडलं होतं.

मी पडल्या पडल्या दाराकडे मान वळवली. मुलगी हॉलच्या मध्यावर थांबली होती. ॲप्रन तोंडावर दाबला होता, खांदे हलत होते, आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. नंतर तिने स्टेजवर येऊन त्याचा दंड धरला, पण तो कसा, तर फोटो काढून घेताना धरतात तसा.

माझा मुलगा धावत आला. "बाबा, आर यू ओके? लागलं का कुठे?"

"लागलं काही नाही. तू व्हिडिओ काढलास का?"

"तुमच्या सुनेने काढलाय सगळा."

नर्स खुर्ची घेऊन आली, मला उठवलं, आणि खिशातून पिवळा पट्टा काढला. तो तिने केव्हापासून जवळ ठेवला होता कोण जाणे.

"काका, दोन्ही खांदे टेकले. मी बघितलंय, हॉलने बघितलंय. नियम तुमचाच आहे."

मी हात पुढे केला. शब्दाचा माणूस आहे. शेजारच्या खुर्चीवरून ग्रीक म्हाताऱ्याने आपलं पट्ट्याचं मनगट वर केलं आणि माझ्या मनगटाला लावलं, पेले भिडवतात तसं.

आता रोज मी त्याच्या टेबलाशी गेलो की तो खिशातून बोट काढतो आणि मला एक पाऊल मागे लटपटावं लागतं, त्याशिवाय बसू देत नाही. मग दोन बायका दोन्हीकडून माझे दंड धरतात. मुलगी कॉफी आता दोघांना आणते, माझ्या कपात साखर जास्त.

सूनबाईने तो व्हिडिओ गावाकडच्या ग्रुपवर टाकला. मला न विचारता टाकला. दुसऱ्या दिवशी तालमीतल्या एका जुन्या चेल्याचा फोन आला. तोही आता म्हातारा झालाय, पण मला वस्तादच म्हणतो. आवाज अगदी पडलेला.

"वस्ताद, बघितलं आम्ही सगळ्यांनी. तुमची पाठ लावली म्हणजे... कोण आहे हो तो पैलवान?"

मी म्हणालो, "ग्रीसचा आहे. लहानसहान समजू नकोस. त्याचं नाव घेतलं की तिकडे सगळा देश ओळखतो."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला.

मी त्यात एक शब्दही खोटा बोललेलो नाही.